फ्लॅपवर लक्ष ठेवायला कोणतं मशीन घ्यावं?

सिस्टर, तुम्ही प्रश्न तपशिलात लिहिला हे फार बरं केलंत, कारण अर्धं उत्तर त्या तपशिलातच आहे. बाकीच्या वाचकांसाठी तो थोडक्यात सांगतो. तुमच्या रुग्णालयात तोंडाच्या कॅन्सरनंतर जबडा, जीभ, गाल नव्याने उभारण्याच्या शस्त्रक्रिया अलीकडेच सुरू झाल्या आहेत. मध्यंतरी एका रुग्णाच्या गालात बसवलेला मांडीचा फ्लॅप (म्हणजे रक्तवाहिन्यांसकट काढून दुसरीकडे बसवलेला कातडीचा तुकडा) दुसऱ्या रात्री निळसर दिसू लागला. सकाळच्या राउंडपर्यंत तो जांभळा-काळा पडला होता आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेऊनही वाचला नाही. आता व्यवस्थापन पेशींमधला ऑक्सिजन मोजणारं मशीन घ्यायला तयार आहे आणि आयसीयूच्या इन्चार्ज म्हणून तुमचं मत मागितलंय. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: कोणतं मशीन घ्यावं, आणि ते आलं की दर तासाला फ्लॅपला सुई टोचून बघणं थांबवता येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दर तासाला टोचणं आजपासूनच थांबवा, मशीन येवो न येवो. कारण पुढे सांगतो. पहिल्याचं उत्तर तुमच्याकडे महिन्याला किती फ्लॅप होतात, कोणत्या प्रकारचे होतात आणि रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात यावर ठरेल. पण तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: ‘रात्री निळसर वाटला, तशी नोंद केली.’ म्हणजे बिघाड दिसला होता आणि तो वेळेवर दिसला होता. दिसल्यापासून रुग्ण ओटीच्या टेबलावर जाईपर्यंत जे तास गेले, त्यांनी फ्लॅप घालवला. मशीनने ती रात्र बदलली असती का, हा खरा प्रश्न आहे. मला तसं वाटत नाही. स्क्रीनवरचा आकडाही कुणीतरी वहीत लिहिला असता आणि सकाळची वाट पाहिली असती.

हे तास इतके मोलाचे का, ते आधी समजून घेऊ. फ्री फ्लॅप म्हणजे मांडीची किंवा हाताची कातडी, किंवा पायातलं फिब्युला हाड, मूळ जागेपासून पूर्ण सुटं करून तोंडात आणलेलं असतं. त्याचा सगळा संसार एका धमनीवर आणि एक-दोन शिरांवर चालतो. या रक्तवाहिन्या जेमतेम १ ते ३ मिलिमीटर रुंदीच्या असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात अशा पद्धतीने कातडीचा फ्लॅप पहिल्यांदा हलवल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा ते धाडस होतं. आज अनुभवी केंद्रांमध्ये ९५ टक्क्यांहून जास्त फ्लॅप जगतात. पण त्या यशात असेही फ्लॅप आहेत जे मध्येच अडचणीत आले आणि वेळेवर उघडले म्हणून वाचले. जोडलेल्या जागी गुठळी होण्याचा धोका पहिल्या ४८ ते ७२ तासांत सर्वाधिक असतो, आणि धमनीपेक्षा शीर बंद पडण्याचे प्रसंग जास्त येतात. शिरेची भिंत पातळ, आतला दाब कमी. जरा पीळ पडला, शेजारी रक्त साचलं, वरून टेप आवळला, की ती मिटते.

शीर बंद आणि धमनी चालू, ही अवस्था वाफ्यात पाणी सोडून निचऱ्याची चारी बुजवल्यासारखी असते. रक्त येत राहतं, साठतं, फ्लॅप फुगतो, बारीक वाहिन्यांमध्ये गुठळ्या होतात. एका मर्यादेनंतर मुख्य शीर मोकळी करून दिली तरी आतल्या सूक्ष्म वाहिन्यांमधून रक्त पुन्हा वाहत नाही. ही मर्यादा पेशींच्या प्रकारावर अवलंबून असते. स्नायू काही तासांतच हार मानतो, कातडी त्याहून जास्त तग धरते, आतड्याचा तुकडा वापरला असेल तर तो सगळ्यात नाजूक. शिवाय फ्लॅपने शस्त्रक्रियेच्या वेळी एकदा रक्ताविना काळ काढलेला असतो, त्यामुळे दुसऱ्यांदा त्याची सहनशक्ती कमी असते. म्हणून मी माझ्या टीमला सांगतो की शंका आली तेव्हापासून घड्याळ चालू झालं असं धरा.

आता बघायचं कसं. धमनी बंद पडली तर फ्लॅप फिका पडतो, गार लागतो, मऊ आणि पोकळ वाटतो. बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत यायला वेळ लागतो किंवा येतच नाही. शीर बंद पडली तर सुरुवातीला उलटंच दिसतं. फ्लॅप गुलाबीपेक्षा लालसर, मग निळसर होतो, ताठरतो, आणि दाबून सोडल्यावर रंग झटकन, सेकंदाच्या आत परत येतो. नव्या सिस्टर इथेच फसतात. रंग पटकन परत आला म्हणजे रक्तपुरवठा छान, असं त्यांना वाटतं. निरोगी फ्लॅपमध्ये तो साधारण दोन-तीन सेकंदांत परत येतो. त्याहून घाईने येणं हे शिरेच्या अडथळ्याचं पहिलं लक्षण असू शकतं. तुमच्या रुग्णाच्या नोंदीत रात्री अकराला ‘रिफिल उत्तम’ (रिफिल म्हणजे दाबून सोडल्यावर रंग परत येणं) असं लिहिलं होतं, ते वाचून मला हेच झालं असावं असं वाटतं. तक्त्यात ‘चांगलं’ किंवा ‘ठीक’ असे शब्द नकोत. सेकंद लिहा, रंग लिहा, फ्लॅप मऊ की ताठ ते लिहा.

आपल्या रुग्णांच्या बाबतीत रंगाची एक वेगळी अडचण आहे. पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. सावळ्या मांडीची कातडी तोंडात बसवली की तिचा निळसरपणा उशिरा डोळ्यात भरतो. म्हणून मूळ जागेची कातडी कशी होती, हे माहीत असायला हवं. शस्त्रक्रिया संपल्यावर ओटीतच, रक्त चालू असल्याची खात्री असताना, पहिला फोटो काढून घ्या. नंतरची प्रत्येक तुलना त्या फोटोशी. प्रत्येक वेळी तोच पांढरा एलईडी टॉर्च आणि तेच अंतर. वॉर्डातल्या पिवळ्या दिव्याखाली फ्लॅप आजारी असला तरी धडधाकट दिसतो. तोंडातली लाळ आणि सुकलेलं रक्त ओल्या गॉजने हळूच टिपून मगच बघा. हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची पद्धत सगळीकडे रूढ झाली आहे आणि ती उपयोगीही आहे. फक्त चेहरा, नाव, केस पेपर त्यात येऊ देऊ नका. आणि फोटो पाठवला म्हणजे कळवलं असं समजू नका. निळी खूण दिसेपर्यंत थांबायचं नाही, फोन करायचा.

सुई टोचण्याविषयी. बारीक सुईने टोचल्यावर दोन-तीन सेकंदांत उजळ लाल थेंब आला तर उत्तम. थेंबच आला नाही तर धमनीची शंका. लगेच भळाभळा गडद, जांभळट रक्त आलं तर शिरेची. ही चाचणी खूप काही सांगते, म्हणूनच ती जपून वापरायची. दर तासाला टोचलं तर फ्लॅपभर काळेनिळे ठिपके पडतात, विशेषतः रुग्ण ॲस्पिरिन किंवा हेपॅरिनसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर असेल तर, आणि मग रंगावरून काही कळेनासं होतं. शिवाय चुकीच्या जागी टोचलं तर ज्या बारीक रक्तवाहिनीवर कातडी जगते तिलाच इजा होऊ शकते. माझ्या युनिटमध्ये रंग, रिफिल, ताठरपणा आणि डॉप्लर (वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र) दर तासाला बघतात. सुई फक्त शंका आली तर, किंवा पाळी बदलताना सर्जनने आखून दिलेल्या जागी.

टोचलंच आहे तर त्या थेंबावर ग्लुकोमीटर लावा. ही स्वस्तातली आणि फार कामाची युक्ती आहे. रक्त तुंबलं की पेशी साठलेल्या रक्तातली साखर खाऊन टाकतात आणि नवी येत नाही, त्यामुळे फ्लॅपमधली साखर उतरते. त्याच वेळी बोटाची साखरही मोजा. बोटात १४० आणि फ्लॅपमध्ये ५५ असेल तर मी फोनवरच ओटी तयार करायला सांगेन. साठच्या आसपास किंवा त्याखालचा आकडा धोक्याचा मानतात. पण मधुमेही रुग्णात किंवा डेक्स्ट्रोजचं (साखरेचं) सलाईन चालू असताना एकट्या आकड्यापेक्षा बोटाशी असलेला फरक आणि तासागणिक होणारी उतरण जास्त खरी बोलते.

हातात धरायचा डॉप्लर तुमच्याकडे आहे असं लिहिलंय. तो नीट वापरा. शस्त्रक्रियेच्या शेवटी जिथे आवाज सर्वात स्पष्ट येतो तिथे सर्जनने एक टाका घालून खूण करायला हवी. तसं न झाल्यास मागून घ्या. मानेजवळ मोठ्या धमन्यांचा आवाज इतका जवळ असतो की मेलेल्या फ्लॅपवरही धडधड ऐकू येते. आणि शीर बंद पडल्यावर धमनीचा आवाज काही तास चालू राहू शकतो, फक्त त्याचा बाज बदलतो: लांबट, सूर धरून येणारा आवाज तुटक, आपटल्यासारखा होतो. शिरेचा आवाज वाऱ्यासारखा, घुमणारा असतो. फ्लॅप हलकेच दाबला की तो क्षणभर वाढतो. हा फरक प्रत्येक सिस्टरने सुदृढ फ्लॅपवर शांतपणे ऐकून ठेवायला हवा. अडचणीच्या रात्री तो पहिल्यांदा ऐकून ओळखता येत नाही.

आता मशीनकडे येऊ. कोविडनंतर घराघरात ऑक्सिमीटर पोचला, त्यामुळे नातेवाईकही विचारतात की बोटाला ९८ दाखवतंय, मग फ्लॅपला ऑक्सिजन कमी कसा? बोटाचा ऑक्सिमीटर नाडीच्या ठोक्याबरोबर येणाऱ्या धमनीच्या रक्तातला ऑक्सिजन मोजतो. फुप्फुसं काम करताहेत एवढंच त्यावरून कळतं. (काळसर कातडीवर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हेही लक्षात असू द्या.) तुम्हाला दाखवलेलं मशीन वेगळ्या तत्त्वावर चालतं. ते लाल आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश कातडीतून आत सोडतं आणि परत आलेल्या प्रकाशावरून तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतल्या हिमोग्लोबिनचा किती भाग ऑक्सिजनने भरलेला आहे ते काढतं. त्यात धमनी, केशवाहिन्या, शिरा सगळं मिसळलेलं असतं, आणि त्यात शिरांचं रक्त जास्त. त्यामुळे तिथे साठ-सत्तर आकडा दिसला तर तो आजार नाही. प्रत्येक फ्लॅपचा सुरुवातीचा आकडा वेगळा असतो. बघायची ती उतरण: तासाभरात २० अंकांची घट होऊन ती अर्धा तास टिकली, किंवा आकडा ३० च्या खाली गेला, तर रक्तवाहिनी बंद पडत असल्याचं मानतात. शीर तुंबली तरी आकडा उतरतो, कारण थांबलेल्या रक्तातला ऑक्सिजन पेशी वापरत राहतात. ही उतरण पुष्कळदा डोळ्याला रंग दिसायच्या आधी सुरू होते, आणि हा या तंत्राचा मोठा गुण आहे. मी त्याच्या विरोधात नाही.

पण याचा सर्वाधिक अनुभव पोटाच्या कातडीपासून स्तन उभारण्याच्या शस्त्रक्रियांमधला आहे. तिथे फ्लॅप मोठा, कोरडा आणि बाहेर असतो. पट्टी चिकटवली की चार दिवस जागची हलत नाही. आपल्याकडे गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी असूनही तुमचे बहुतेक फ्लॅप तोंडाच्या कॅन्सरचेच असणार. तोंडात लाळ, हलणारी जीभ, सक्शनची नळी. तिथे चिकटपट्टीचा प्रोब (मशीनचा सेन्सर) टिकवणं कठीण, आणि प्रोब सुटला की आकडा घसरतो. रात्रीतून चार खोट्या घंटा वाजल्या की पाचवी खरी असली तरी कुणी उठत नाही. म्हणून विक्रेत्याला सगळ्यात आधी हे विचारा: ओल्या जागी, तोंडाच्या आत याचा प्रोब चालतो का? मग विचारा की प्रोब एकदाच वापरायचा आहे का आणि एका रुग्णामागे त्याचा खर्च किती. तुमचे बरेच रुग्ण महात्मा फुले जन आरोग्य योजनेतले असणार. पॅकेजमध्ये न बसणारा प्रोब सहा महिन्यांनी येणं बंद होतं आणि मशीन कपाटात जातं.

फ्लॅप पूर्ण आत गाडलेला असेल, बाहेर कातडीचा तुकडाच नसेल, तर डोळे, सुई, प्रकाश सगळंच निरुपयोगी. तिथे शिरेभोवती सिलिकॉनच्या पट्टीने बांधायचा इम्प्लांटेबल (शरीराच्या आत ठेवायचा) डॉप्लर खरोखर उपयोगी पडतो. त्याचा १ मिलिमीटरचा स्फटिक थेट शिरेवर बसतो आणि आवाज थांबला की लगेच कळतं. तारेला ओढ बसली की खोटी शांतता होते, म्हणून तार कातडीला दोन ठिकाणी सैल टाक्यांनी धरलेली हवी आणि कूस बदलताना एक हात तिच्यावर हवा. दुसरा, बिनखर्चाचा मार्ग म्हणजे सर्जनने कातडीचा लहानसा तुकडा मानेच्या जखमेतून बाहेर ठेवणं. शक्य असेल तिथे मी तेच करतो. फिब्युलाच्या बाबतीत एक सावधगिरी: वरची कातडी गेली म्हणजे हाड मेलंच असं नाही, कारण कातडीची बारीक वाहिनी वेगळी दुखावलेली असू शकते. तो निर्णय सर्जनचा. तुमचं काम कातडी बदलली हे सांगणं.

लेझर डॉप्लर, पेशीत रुतवून ऑक्सिजनचा दाब मोजणारी तार, पेशींभोवतालच्या द्रवातली रसायनं तपासणारं मायक्रोडायलिसिस ही सगळी चांगली तंत्रं आहेत. पण सुरुवातीच्या टप्प्यातल्या युनिटने त्यांच्यामागे जाऊ नये. आयसीजी नावाचा हिरवा रंग शिरेतून देऊन कॅमेऱ्याने रक्तप्रवाह बघतात, ते मुख्यतः ओटीतलं काम आहे. त्याने त्या क्षणाचं चित्र मिळतं, रात्रभराचं नाही.

फ्लॅपकडे बघताना रुग्णाकडेही बघा. फ्लॅपची मानेतली शीर बंद पडण्याची कारणं बरेचदा बाहेरच असतात. ट्रेकिऑस्टॉमीच्या (श्वासासाठी गळ्यात छिद्र करून बसवलेल्या) नळीची मानेभोवती बांधलेली फीत हे त्यातलं मुख्य कारण. माझ्या रुग्णांना फीत नसते, नळी कातडीला टाक्यांनी धरलेली असते आणि पलंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘मानेभोवती काही बांधू नये.’ मान जोडाच्या बाजूला वळलेली नको. ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) अचानक कोरडा पडला आणि मान फुगायला लागली तर आत रक्त साचलंय असं समजा. ड्रेन बंद होणं नेहमी चांगलं लक्षण नसतं. बीपी ढळू देऊ नका, रुग्ण गारठू देऊ नका, एसीचा झोत मानेवर नको. लघवीचं प्रमाण तासाला किलोमागे अर्धा मिलिलिटरच्या खाली गेलं तर फ्लॅप गार का लागतोय याचं उत्तर तिथेही सापडू शकतं. पण बीपी सुधारेपर्यंत थांबून बघू, या विचारात तास घालवू नका. दोन्ही एकदम करायचं.

आणि आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. रात्री शंका आली तर ती सिस्टर कुणाला फोन करते? तुमच्या पत्रानुसार आधी आरएमओ (ड्युटीवरचे निवासी डॉक्टर), मग रजिस्ट्रार, मग ते ठरवणार सरांना उठवायचं का. प्रत्येक पायरीवर कुणीतरी ‘अर्ध्या तासाने परत बघू’ म्हणतं, आणि चार पायऱ्यांत रात्र संपते. फ्लॅपच्या रुग्णापुरता हा क्रम मोडायला हवा. ड्युटीवरच्या सिस्टरने थेट मायक्रोसर्जनला (रक्तवाहिन्या जोडणाऱ्या सर्जनला) फोन करायचा, आरएमओला नंतर सांगायचं, आणि ही परवानगी लेखी, तक्त्याच्या वरच लिहिलेली हवी. पुन्हा उघडण्याची संमती शस्त्रक्रियेच्या आधीच नातेवाईकांना समजावून घेतलेली हवी. भूलतज्ज्ञाला रुग्ण माहीत हवा, रक्त राखून ठेवलेलं हवं, सूक्ष्मदर्शक आणि बारीक धागे रात्री कुणाच्या कपाटात कुलूपबंद नकोत. पाळी बदलताना दोन्ही सिस्टरनी एकत्र उभं राहून फ्लॅप बघायचा. तोंडी निरोपात ‘आधीपासून असाच आहे’ हे वाक्य शिरलं की बदल हरवतो.

उघडून बघितलं आणि रक्तवाहिन्या चालू निघाल्या, असं होईल. होऊ द्या. त्या सिस्टरला कुणी एक शब्द बोलता कामा नये, आणि हे सर्जनने सगळ्यांसमोर सांगायला हवं. विनाकारण उठवल्याबद्दल एकदा बोलणी बसली की पुढच्या वेळी ती सकाळपर्यंत थांबते. ज्या सिस्टरने त्या रात्री ‘निळसर’ अशी नोंद केली, तिला दोष देऊ नका. तिने बघितलं होतं. तिला पुढे जायला रस्ता नव्हता. जळवांविषयीही तुम्ही विचारलंय. त्या रक्त शोषून तात्पुरता निचरा देतात, पण जोड दुरुस्त होण्यासारखा असताना जळवा लावून बसणं म्हणजे वेळ घालवणं. उघडून पाहिल्यावर शीर जोडण्याजोगी उरली नसेल तेव्हा त्यांचा विचार होतो, आणि तोही योग्य अँटिबायोटिकच्या आडोशानेच.

तर व्यवस्थापनाला काय सांगाल? मी असं सांगेन: आधी दोन डॉप्लर, जादा बॅटरी आणि जेल, पांढरे टॉर्च, फ्लॅपसाठी वेगळा ग्लुकोमीटर, छापील तक्ता, आणि पहिल्या दोन रात्री फ्लॅपच्या रुग्णाजवळ वेगळी सिस्टर. त्यानंतर पैसे उरले आणि गाडलेले फ्लॅप होत असतील तर इम्प्लांटेबल डॉप्लर. स्तनाचे किंवा हातापायाचे फ्लॅप वाढले तर ऑक्सिजनचं मशीन जरूर घ्या. तिथे ते सिस्टरचे कष्ट वाचवील. रात्री मनुष्यबळ वाढणं अशक्यच असेल तर माझं मत थोडं बदलेल, कारण सतत आकडा दाखवणारं काहीतरी अंधारात दोन तास कुणी न बघण्यापेक्षा बरं. पण थेट फोनची परवानगी त्याआधी मिळवा, तिला पैसे लागत नाहीत.

किती दिवस बघायचं, हे राहिलं. माझ्याकडे पहिले ४८ तास दर तासाला, तिसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, मग पाचव्या दिवसापर्यंत दर चार तासांनी. त्यानंतरही तोंडाच्या रुग्णात निर्धास्त होऊ नका. सहाव्या-सातव्या दिवशी मान लाल झाली, ताप आला किंवा ड्रेनमधून लाळेसारखं पातळ, घाण वासाचं काही येऊ लागलं तर त्याच थेट नंबरवर फोन करा. तोंडातला टाका सुटून लाळ रक्तवाहिन्यांच्या जोडापर्यंत पोचली तर आठवड्याने सुद्धा गुठळी होते, आणि तेव्हा तक्ता बंद झालेला असतो.